वडूजकरांचा एका दिवसाचा समुद्र

दिवाळीत वडूजच्या बाजारपेठेत परराज्यांच्या पासिंगच्या गाड्या दिसू लागल्या की समजावं, गलाईवाली मंडळी गावी आली. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी खटाव, खानापूर, आटपाडी तालुक्यांतली कुटुंबं देशभर पांगली आहेत. भाऊबीज उरकली की पोरांचा एकच धोशा सुरू होतो, समुद्र बघायचा. चार दिवस सलग कुणालाच मिळत नाहीत. एक दिवस मात्र सगळ्यांचा जमतो. त्या एका दिवसासाठी माझं मत गुहागरला.

पुसेसावळी, शामगावचा घाट, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर असा हा रस्ता. अंतर साधारण २०० किलोमीटर. कराडला गुहागर-विजापूर महामार्ग धरला की तो समुद्रापाशीच नेऊन सोडतो. घाट आणि चहापाणी धरून पाच-साडेपाच तास लागतात. तेव्हा पहाटे चारला गाडी सुटायलाच हवी.

गाडीत पोरांना झोपू द्या, पण पाटणच्या पुढे उठवा. वडूजला वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोयनानगरला त्याच्या जवळजवळ दहापट. अरबी समुद्रावरचं बाष्प सह्याद्रीला धडकतं, वर चढून थंड होतं आणि तिथेच कोसळतं. डोंगर ओलांडून ढग आपल्याकडे येईतो त्यांच्यात फारसं काही उरत नाही. भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यछायेचा धडा खिडकीतून दिसतो. आपल्याकडे शाळू, कराडला ऊस, पाटणच्या पुढे भात.

पाण्याच्या वाटाही इथेच फुटतात. आपली येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. कोयनेचं बरंचसं पाणी मात्र डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं आहे. १९६२ पासून तिथे वीज तयार होते. पुढे ते पाणी वाशिष्ठीतून, गुहागरच्या उत्तरेला अंजनवेलजवळ, अरबी समुद्राला मिळतं.

गुहागरचा किनारा सरळसोट, लांबलचक. मागे सुरूची झाडं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. गावातलं व्याडेश्वराचं देऊळ किनाऱ्यापासून चालत जाण्याइतकं जवळ, त्यामुळे दर्शनासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथूनच बागेश्री नावाच्या मादीला पाठीवर उपग्रह यंत्र लावून समुद्रात सोडलं होतं. श्रीलंकेला वळसा घालून ती थेट बंगालच्या उपसागरात पोहोचली.

भरती-ओहोटीचा हिशेब घरच्या कालनिर्णयवरही होतो. तिथीला पाऊणपट करा. येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी आठच्या आसपास, ओहोटी. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. पण दिवस आखायला पुरतो. साडेनऊला पोहोचलात तर ओली वाळू अजून मोकळी असते. तिथे खाली बसून बघा. बारीकशा बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल. इवलासा खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्याची गोळी करून बाजूला टाकतो. भरती आली की सगळं पुसलं जातं, आणि पुढच्या ओहोटीला तो पुन्हा कामाला लागतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आपल्याकडची पोरं विहिरीत सूर मारून पोहायला शिकतात आणि पाण्याला भीत नाहीत. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्राचं पाणी माणसाला आत ओढतं. दिवाळी अमावास्येला लागून असल्याने त्या दिवसांत उधाणाचं पाणी असतं. कमरेच्या पुढे जाऊ नका. ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या आणि मग वळा.

दुपारच्या जेवणाचं खानावळीत सकाळीच सांगून ठेवा. माशाचं ताट असो की उकडीचे मोदक, सोबत आमसुलं आणि नारळाच्या दुधाची सोलकढी हवीच. दिवसापुरती खोली मिळते का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. अंघोळीची सोय होते आणि पहाटेपासून गाडी चालवणाऱ्याला दोन तास झोपता येतं. त्याची झोप ही चैन नाही, ती सगळ्या कुटुंबाची सुरक्षितता आहे.

त्याच दिवसात वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे उरकायचा मोह होतो. तो टाळा. तेवढ्या धावपळीत समुद्र फक्त काचेतून दिसतो. एकच किनारा धरा, दिवसभर तिथेच राहा आणि चारला परत फिरा, म्हणजे कुंभार्ली घाट उजेडात चढून होईल. सूर्यास्त पाहायचाच असेल तर मुक्कामाची तयारी करून जा. रात्रीच्या घाटाची जोखीम पोराबाळांना घेऊन पत्करू नका.