प्रसिद्ध व्यक्तींच्या मुलाखतींतून व्यावहारिक इंग्रजी शब्दसंपादन

प्रास्ताविक

'पोस्टपोन', 'कंटिन्यू', 'टॉलरेट' हे शब्द आपण शाळेत अर्थासह पाठ केलेले असतात. तरीही एखादी इंग्रजी मुलाखत ऐकू लागलो की दोनच मिनिटांत धागा सुटतो आणि 'आपल्याला इंग्रजी येत नाही' असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. हा निष्कर्ष घाईचा आहे. मुलाखत देणारी व्यक्ती बहुधा 'पोस्टपोन'ऐवजी 'पुट ऑफ', 'कंटिन्यू'ऐवजी 'गो ऑन' आणि 'टॉलरेट'ऐवजी 'पुट अप विथ' म्हणते. यातला प्रत्येक सुटा शब्द आपल्या ओळखीचा असतो. अडते ते त्यांच्या जुळणीपाशी.

शब्दांचे दोन थर

इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन थर शेजारी नांदतात. 'पोस्टपोन'सारखे शब्द मुळात लॅटिन, ग्रंथव्यवहारातून रुळलेले. 'पुट ऑफ'सारख्या जुळण्या देशी जर्मानिक शब्दांपासून बनलेल्या, घरगुती. मराठीत 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे' यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. पाठ्यपुस्तके पहिला थर शिकवतात. माणसे दुसऱ्या थरात बोलतात.

या जुळण्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. त्यांची रचना मराठीहून वेगळी असली, तरी सोबतच्या शब्दाने क्रियापदाची छटा पालटणे आपल्याला नवे नाही. 'करणे' वेगळे आणि 'करून टाकणे' वेगळे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. 'आय वाँटेड टू टीच, बट आय एन्डेड अप इन थिएटर' या वाक्यातील 'एन्डेड अप'चा अर्थ कोशात शोधण्यापेक्षा 'शिकवायचे होते, पण नाटकात येऊन पडलो' असा मनात उतरवावा. न ठरवता घडल्याची छटा दोन्हीकडे आहे.

मुलाखतच का?

मुलाखतीचे प्रश्न बरेचसे ठरलेले असतात: बालपण कोठे गेले, पहिली संधी कशी मिळाली, अपयश कसे पचवले. त्यामुळे उत्तरांतील शब्दही पुन्हा पुन्हा भेटतात. बीबीसी नभोवाणीवर १९४२ साली रॉय प्लॉम्ली यांनी सुरू केलेला 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम पाहा. निर्जन बेटावर जायचे झाल्यास सोबत कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका न्याल, हे पाहुण्याने सांगायचे. शिवाय एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू निवडायची. पाहुणे बदलतात, चौकट तीच राहते. पुढे काय विचारले जाणार हे ठाऊक असल्याने श्रोत्याचे लक्ष भाषेकडे राहू शकते.

आठवणी सांगताना पाहुणा 'यूज्ड टू' वारंवार वापरतो. 'माय मदर यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे 'आई लवकर उठत असे', किंवा जुन्या वळणाने 'आई लवकर उठे'. मराठीचा रीतिभूतकाळ ज्याला येतो, त्याला ही रचना परकी नाही. त्याचप्रमाणे 'आय मीन', 'यू नो', 'वेल' हे शब्द ऐकून गोंधळू नये. आपल्या बोलण्यात 'म्हणजे', 'ना', 'बरं' जे काम करतात, साधारण तेच काम ते करतात: विचार जुळवायला अवधी देणे आणि ऐकणाऱ्याला सोबत ठेवणे.

अभ्यासाची रीत

१. मुलाखतीचा तीन-चार मिनिटांचाच भाग निवडा. प्रथम अक्षरे न पाहता ऐका आणि विषय काय, एवढेच टिपा.

२. दुसऱ्यांदा पडद्यावरील इंग्रजी अक्षरे वाचत ऐका. ती यंत्राने तयार केलेली असल्यास चुकू शकतात. शंका आल्यास कोश पाहा.

३. पाचच जुळण्या वहीत उतरवा, त्याही पूर्ण वाक्यासह. नुसते 'टर्न डाउन = नाकारणे' असे लिहू नका; 'दे टर्न्ड डाउन माय अ‍ॅप्लिकेशन' असे लिहा. शब्दाची सोबत हाही त्याच्या अर्थाचा भाग असतो.

४. प्रत्येक जुळणीचे एक वाक्य स्वतःच्या आयुष्यातून घडवा आणि मोठ्याने म्हणा.

५. दुसऱ्या दिवशी व आठवड्यानंतर वही झाकून तीच वाक्ये आठवा. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याच्या प्रयत्नाने शब्द अधिक टिकतात.

मर्यादा

मुलाखतीची भाषा बोलण्याची आहे. 'गॉना', 'काइंड ऑफ' हे शब्द ऐकताना कळावेत. अर्जात किंवा उत्तरपत्रिकेत लिहू नयेत. तेथे 'पोस्टपोन'च शोभतो. तसेच वक्ता प्रसिद्ध आहे म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य व्याकरणशुद्ध असते असे नाही. बोलताना सर्वांचीच वाक्ये अर्धवट राहतात. त्याच्या उच्चारांची नक्कल करण्याचीही गरज नाही. आपले बोलणे समोरच्याला सहज कळावे, एवढे पुरेसे आहे.

स्वाध्याय

'कोठे वाढलात?', 'हे काम का निवडले?', 'मधली वर्षे शिक्षण का थांबले?' हे प्रश्न प्रसिद्ध व्यक्तींनाच विचारले जातात असे नाही. नोकरीच्या मुलाखतीत ते आपल्यालाही विचारले जातील. एका मुलाखतीतून निवडलेल्या पाच जुळण्या वापरून या तीन प्रश्नांची इंग्रजी उत्तरे तयार करा. ती न वाचता बोला, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि आठवड्याने पुन्हा बोलून दोन्ही ध्वनिमुद्रणांची तुलना करा.