लघुपत्ते आणि त्यांची नोंदवही

संगणकीय जाळ्यावरील पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, पुष्कळदा इतका लांब असतो की तो छापणे, हाताने उतरवून घेणे किंवा तोंडी सांगणे दुष्कर होते. देवनागरी पत्त्यांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइटांनी दर्शविले जाते, आणि पत्त्याच्या सांकेतिक रूपात प्रत्येक बाइटासाठी टक्केचिन्ह व त्यापुढे दोन अंक वा अक्षरे अशी तीन चिन्हे लागतात. ‘मराठी’ या शब्दात काना व वेलांटी धरून ५ चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची ४५ होतात. अशा पत्त्याऐवजी चारपाच अक्षरांचा संकेत असलेला जो आखूड पत्ता देतात, त्यास प्रस्तुत लेखात लघुपत्ता म्हटले आहे.

लघुपत्ता हा मूळ पत्त्याचा संक्षेप आहे, असा सामान्य समज आहे. तो बरोबर नाही. संक्षेपावरून मूळ शब्द ताडता येतो. लघुपत्त्यावरून मूळ पत्ता कोणासही ताडता येणार नाही. ग्रंथालयातील दाखल क्रमांकाप्रमाणे तो केवळ एक अनुक्रमांक असून त्याचा अर्थ नोंदवहीत असतो. वाचकाने लघुपत्ता उघडला की सर्व्हर नोंदवही पाहतो आणि वाचकाच्या ब्राउझरला मूळ पत्त्याकडे धाडतो. नोंदवही नष्ट झाली, तर तिच्यावर विसंबलेले सर्व लघुपत्ते एकदम निरर्थक होतात.

ही भीती काल्पनिक नव्हे. गूगल कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेली लघुपत्त्यांची सेवा २०१९ मध्ये नव्या नोंदींसाठी बंद झाली. जुने दुवेही २५ ऑगस्ट २०२५ पासून चालणार नाहीत, असे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. पुढे ऑगस्ट २०२५ च्या आरंभी तिने हा निर्णय सौम्य केला व वापरात असलेले दुवे राखण्याचे ठरविले. तथापि २०२४ च्या अखेरीस जे दुवे कोणी उघडले नव्हते, त्यांना ही सवलत मिळाली नाही. ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, म्हणून त्यातील तळटीप निरुपयोगी ठरत नाही. अभ्यासकाची गरज आणि व्यापारी सेवेचा हिशेब यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

यावरील एक उपाय म्हणजे स्वतःच्या संकेतस्थळावर स्वतःची नोंदवही चालविणे. त्यासाठी यूअर्ल्स ही मुक्त आज्ञावली २००९ पासून उपलब्ध आहे. ती पीएचपी या भाषेत लिहिलेली असून नोंदी मायएसक्यूएलमध्ये ठेवते. तिच्या गाभ्याला हात न लावता वेगळी प्लगिने जोडून तिचा विस्तार करता येतो. त्यामुळे मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती आली तरी आपण केलेले काम वाया जात नाही. हा विस्तार कोणत्या दिशेने करावा, हा खरा प्रश्न आहे.

पहिली बाब संकेताची. छापील पानावर शून्य आणि ‘ओ’, किंवा एक, ‘एल’ आणि ‘आय’ यांत गल्लत होते. छोटी रोमन अक्षरे व अंक मिळून होणाऱ्या ३६ चिन्हांतून ही ५ वगळली, तरी उरलेल्या ३१ चिन्हांतून चार स्थानांचे ९,२३,५२१ संकेत मिळतात. एका व्यक्तीच्या आयुष्यास ते पुरेत.

दुसरी बाब नोंदीच्या आशयाची. यूअर्ल्स संकेत, मूळ पत्ता, शीर्षक व वेळ यांची नोंद करते. त्यास जोडून वेगळ्या कोष्टकात लेखकाचे नाव, पान पाहिल्याचा दिनांक आणि त्या पानाच्या जतन केलेल्या प्रतीचा पत्ता नोंदवावा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्वर्ड लॉ रिव्ह्यू व अन्य विधिविषयक नियतकालिकांतील ७० टक्क्यांहून अधिक, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील ५० टक्के दुव्यांवर मूळ आधारभूत मजकूर आढळला नाही. जतन केलेली प्रत असल्यास मूळ पान गेल्यावरही वाचकास तिच्याकडे धाडता येते.

तिसरी बाब सर्व्हरच्या उत्तराची. यूअर्ल्स स्वभावतः ३०१ हा कायमच्या स्थानांतराचा क्रमांक देते. ब्राउझर हे उत्तर जपून ठेवू शकतो. मग आपण नोंद सुधारली तरी त्या वाचकास जुनेच स्थान दिसते. आपला लघुपत्ता स्थिर, पण त्याचे गंतव्य बदलण्याजोगे असल्याने ३०२ हा तात्पुरता क्रमांक अधिक योग्य होय. दुवा रद्द करावा लागल्यास तोच संकेत दुसऱ्या पानास कदापि देऊ नये. ४१० या क्रमांकासह तेथे पूर्वी काय होते हे सांगणारे पान ठेवावे.

चौथी बाब संयमाची. ही आज्ञावली दुवा उघडणाऱ्याचा आयपी पत्ताही टिपून ठेवते. संदर्भ पडताळणाऱ्या वाचकाची अशी नोंद ठेवण्याचे अभ्यासकास प्रयोजन नाही. ती बंद करण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. नव्या नोंदी करण्याचा अधिकारही स्वतःपुरताच ठेवावा, अन्यथा फसवणूक करणारे आपल्या नावाआड आपले दुवे लपवतील.

तथापि या सर्वांहून महत्त्वाची बाब निर्यातीची आहे. नोंदवही स्वतःची झाली म्हणून ती अमर होत नाही. डोमेनचे वार्षिक शुल्क चुकले, सर्व्हर बिघडला किंवा चालविणारा निवर्तला, तर खासगी व्यवस्था व्यापारी सेवेहूनही लवकर नाहीशी होईल. म्हणून संपूर्ण नोंदवही साध्या मजकुराच्या रूपात ठरावीक काळाने आपोआप बाहेर काढणारे प्लगिन लिहावे व तिच्या प्रती दोन भिन्न ठिकाणी ठेवाव्यात. प्रबंध छापताना लघुपत्ते व मूळ पत्ते यांची यादी परिशिष्टात द्यावी, आणि लघुपत्ता हा पूर्ण संदर्भाच्या जागी न देता त्याच्या जोडीने द्यावा.

छापलेली तळटीप पुढे दुरुस्त करता येत नाही. नोंदवही मात्र दुरुस्त करता येते. म्हणून लघुपत्ता देणाऱ्याने नोंदवही सांभाळण्याचे दायित्व स्वीकारले, असेच समजले पाहिजे. विस्ताराची प्रत्येक नवी कल्पना या एका कसोटीवर घासून पाहावी: आपल्यामागे दुसऱ्या कोणास ही नोंदवही वाचता येईल काय?