निहाली भाषेचें व्याकरण

बुलढाणा जिल्ह्यांतील जळगांव-जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, कांहीं गांवांत एक अशी भाषा बोलली जाते कीं, जिचें नातें जगांतील दुसऱ्या कोणत्याहि भाषेशीं अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं. तिचें नांव निहाली. ती बोलणारे लोक अवघे दोन-अडीच हजार. आणि ते बहुतेक सर्व कोरकू किंवा मराठीहि बोलतात.

भाषेचें कुळ ठरवावयाचें म्हटलें कीं प्रथम शब्द पाहिले जातात, आणि पंडितांची फसगत होते ती नेमकी येथेंच. निहालींत एकाला ‘बिदुम’ म्हणतात. तो शब्द कोठला, हें कोणी सांगावें! दोनाला ‘इरार’ आणि चारांना ‘नालो’ म्हटलेलें ऐकून मात्र कानडीतील ‘एरडु’ व ‘नाल्कु’ आठवतात. पाणी म्हणजे ‘जोप्पो’, डोळा म्हणजे ‘जिकी’. हे पुन्हां शेजाऱ्यांच्या घरचे दिसत नाहींत. स्टेन कोनो यांनीं १९०६ सालीं ही मूळची मुंडा कुळांतील, पण पुढें द्राविडी व आर्य भाषांच्या संसर्गानें मिश्र झालेली भाषा ठरविली. डच पंडित कायपर यांनीं १९६२ सालीं शब्दांची छाननी केली, तेव्हां सुमारें एक-चतुर्थांश शब्दांना कोठेंच आधार सांपडेना. ही पूर्वीची एखादी सांकेतिक बोली असावी काय, अशीहि शंका त्यांनीं बोलून दाखविली.

शब्द उसने सहज मिळतात. वाक्याची घडण तितकी सहज मिळत नाहीं. ‘पेन्सिलीनें’ या रूपांत वस्तु परकी आहे, पण ‘पेन्सिली’ हें सामान्यरूप आणि ‘नें’ हा प्रत्यय अस्सल मराठी. म्हणून कुळाचा निवाडा व्हावयाचा तो मुख्यतः व्याकरणावरून.

परंतु तें टिपावें कसें? ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणींत बायबलांतील उधळ्या पुत्राची कथा भाषोभाषीं उतरवून घेत. भाषांतरांत मूळ वाक्याचा सांचा नकळत उतरतो, हा त्या पद्धतीचा मोठा दोष. शिवाय प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेंत जो भेद नाहीं, तो विचारण्याचें त्याला सुचतच नाहीं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद मराठी माणूस विचारील. द्विवचन विचारणार नाहीं, कारण संस्कृतांत असलेलें द्विवचन मराठींत उरलें नाहीं. कोरकूंत तें आहे. तेव्हां एक बैल, दोन बैल, तीन बैल असे वेगवेगळे दाखवून विचारावें लागतें; त्याहून बरें म्हणजे दोघां म्हाताऱ्यांचा वाद किंवा आजीची गोष्ट, मध्यें तोंड न घालतां, ध्वनिमुद्रित करावी.

या दिशेनें कांहीं काम झालें आहे. पुण्याच्या आशा मुंडले यांचा निहाली शब्दसंग्रह १९९६ सालीं छापला गेला, के. एस. नागराज यांचा ग्रंथ म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनें २०१४ सालीं प्रसिद्ध केला. पण छापलेला नियम बरोबर कीं चूक, हें सांगणारा शेवटीं घरांत निहाली बोलणारा माणूसच. घरांतील मुलें कोरकूंत वा मराठींत उत्तर देऊं लागलीं, कीं तें विचारावयाचें कोणाला, हा प्रश्न उरतो.