आवणीचे कष्ट म्हणजे गरोदरपणातला व्यायाम नव्हे

गरोदरपणातल्या फिजिओथेरपीचा आवाका मालिशपेक्षा बराच मोठा आहे. वाढत्या पोटाबरोबर बिघडणारा शरीराचा तोल सांभाळणे, कंबरेचे दुखणे आटोक्यात ठेवणे, बाळंतपणात कामी येणारे स्नायू तयार करणे आणि कळांमध्ये श्वास कसा घ्यावा, कसे बसावे हे आधीच शिकवणे, हे सारे तिच्यात येते. सिद्धगड किल्ल्याच्या परिसरात, मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी व कुणबी वस्त्यांत, तिच्याविषयीचे समज शहरातल्यापेक्षा निराळे आहेत.

सर्वांत पक्का समज असा की, दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये निरोगी गरोदर स्त्रीसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली. वाडीवरची बाई तेवढे दोन दिवसांतच करते, त्यामुळे तिला आणखी चालायला सांगण्यात अर्थ नाही. अडचण वेगळीच आहे. भाताच्या आवणीत ती तासन्तास कमरेतून वाकून चिखलात उभी असते, एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्या हाताने रोवणी. तोच ताण, त्याच स्नायूंवर, न थांबता. त्यात गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल झालेले असतात आणि पोटाचे स्नायू ताणले गेल्याने पाठीचा आधार कमी झालेला असतो. अशा शरीराला उलट दिशेची हालचाल आणि मधली विश्रांती हवी. थोड्या थोड्या वेळाने सरळ उभे राहणे, बांधावर टेकणे, घरी आल्यावर तळहात व गुडघे जमिनीला टेकून श्वास सोडताना पाठ हळूच वर उचलणे आणि पुन्हा सपाट करणे, एवढ्यानेही कंबर मोकळी होते.

पाण्याचेही तेच. भातसा, तानसा यांसारखी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन लांब चालतात. एकावर एक दोन हंडे चढवण्याऐवजी एकच, लहान भांडे घ्यावे. उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून बसावे, वजन अंगाजवळ धरावे आणि श्वास रोखू नये. त्याहून चांगले म्हणजे शेवटच्या महिन्यांत पाणी घरातल्या दुसऱ्या कुणी आणावे. हा सल्ला नवऱ्याला आणि सासूला द्यायचा असतो. फक्त गरोदर बाईला सांगून उपयोग नाही.

‘पोटुशीची कंबर दुखायचीच’ हा समज अर्धाच खरा आहे. दुखणे सर्रास आढळते, पण ते निमूट सोसण्याची गरज नसते. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी ठेवली, कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून वळले, तर जांघेतली व कंबरेमागची कळ कमी होते. दुखणे मात्र लाटांसारखे ठरावीक वेळाने येऊ लागले, तर व्यायामाचा विचार सोडून दवाखाना गाठावा.

खोकताना लघवी सुटणे ही लाजेने दडवली जाणारी तक्रार. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाने ती बऱ्याच अंशी टळते. लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आत-वर ओढून काही सेकंद धरावेत, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. या व्यायामाने बाळाची ‘वाट आवळते’ ही भीती निराधार आहे. सैल सोडण्याचा सराव बाळ बाहेर येताना कामीच येतो.

कळा सुरू झाल्या की आडवे पडून राहायचे, हा दवाखान्यातून पसरलेला समज आहे. जुन्या सुईणी बाईला उकिडवे बसवत, दोरीला धरून उभे करत, आणि या बाबतीत त्या चुकत नव्हत्या. उताणे पडल्यावर गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर येऊन रक्तप्रवाह मंदावतो. कमी जोखमीच्या बाळंतपणात चालत राहण्याला, उभे वा बसते राहण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनात प्रोत्साहन आहे. सुईणीची बसवण्याची रीत घ्यावी, बाळंतपण मात्र दवाखान्यातच व्हावे.

कारण ‘व्यायाम केला की नॉर्मलच होते’ हाही गैरसमजच. वार खाली असणे, बाळ आडवे असणे यांवर व्यायामाचा इलाज नाही. सिद्धगडवाडीसारख्या माचीवरच्या वस्तीतून पायवाटेने उतरावे लागते. तिथे कळांची वाट न पाहता तारखेआधीच खाली येऊन राहणे हीच खरी तयारी.

अंगावरून रक्त वा पाणी जाणे, रक्तदाब वाढलेला असणे, हिमोग्लोबिन फार कमी असणे, दम लागणे, चक्कर, यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम करू नये. बाळाची हालचाल मंदावली, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा फिजिओथेरपिस्ट नसतो. पण दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी कंबरेचे दुखणे आणि लघवीची तक्रार न लाजता सांगावी, आणि कोणता व्यायाम चालेल हेही विचारून घ्यावे.