उन्हाळ्यात जुना कॉम्प्युटर सारखा हँग होतो? दोष उन्हाचा, धुळीचा की ग्राफिक्स ड्रायव्हरचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

मे महिन्यातली दुपार. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास, धुळ्यातही तीच तऱ्हा. घरातला आठ-दहा वर्षं जुना डेस्कटॉप सुरू आहे, कॉलेजचा किंवा नोकरीचा ऑनलाइन फॉर्म अर्धा भरून झालाय आणि अचानक स्क्रीन जागच्या जागी थिजते. माऊस हलत नाही, कीबोर्ड ऐकत नाही. शेवटी बटण दाबून कॉम्प्युटर बंद करायचा आणि फॉर्म पहिल्यापासून भरायचा.

दुरुस्तीला नेल्यावर बहुतेकदा दोनच उत्तरं मिळतात: 'विंडोज नवीन टाकावं लागेल' किंवा 'मदरबोर्ड गेला'. दोन्ही खरी असू शकतात. पण त्याआधी अर्धा-पाऊण तास देऊन काही गोष्टी स्वतः तपासल्या, तर खर्च वाचू शकतो.

सगळ्यात आधी बॅकअप

कॉम्प्युटर हँग होण्याचं एक कारण हार्ड डिस्क खराब होत जाणं हेही असतं. म्हणून काहीही करण्याआधी फोटो, कागदपत्रं, डीटीपीच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. मशीन दुरुस्त होतं, गेलेली फाइल परत येईलच असं नाही.

नेमकं काय थिजलंय?

'हँग झाला' या एका शब्दात चार वेगवेगळे आजार असतात. पुढच्या वेळी स्क्रीन थिजली की लगेच बटण दाबू नका. एक मिनिट थांबून बघा.

- कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? तसं होत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. अशा वेळी संशय ग्राफिक्सवर.
- स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली का? हे ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळून पुन्हा उभा राहिल्याचं लक्षण.
- माऊस हलतो, पण काहीच उघडत नाही आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला आहे? मग डिस्क किंवा कमी पडणारी रॅम बघा.
- कॅप्स लॉकचा दिवाही बदलत नाही, आवाज एकाच सुरात अडकलाय? मग उष्णता, रॅम, पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड. ड्रायव्हरही यात असू शकतो.

फक्त चित्र अडकलं असेल तर विंडोज १० आणि ११ मध्ये एक उपाय आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. बीप वाजतो, स्क्रीन लुकलुकते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेला फॉर्म जसाच्या तसा राहतो. यानं चित्र परत आलं, तर दोष ग्राफिक्सच्या बाजूचा आहे हे जवळपास नक्की.

ड्रायव्हर म्हणजे काय आणि तो कोसळतो कसा?

स्क्रीनवरचं चित्र ग्राफिक्स चिप तयार करते. ती वेगळ्या कार्डवर असते किंवा प्रोसेसरमध्येच. विंडोजचा हुकूम तिच्या भाषेत पोहोचवणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. दुभाषा चुकला की काम अडतं.

विंडोज व्हिस्टापासून यावर एक पहारेकरी बसवलेला आहे. दिलेल्या कामावर ग्राफिक्स चिपनं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर विंडोज तिला रीसेट करून ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. स्क्रीन काळी होऊन परत येते ती यामुळे. एका मिनिटात हे वारंवार झालं किंवा रीसेटच फसलं, तर निळी स्क्रीन येते. तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं लिहिलेलं असेल तर हाच प्रकार.

याची नोंदही राहते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत टाइप करून 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. कोणत्या दिवशी काय बिघडलं, ते लाल खुणांनी दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली, तर ग्राफिक्स ड्रायव्हर थांबून सावरला होता असा तिचा अर्थ.

खान्देशातल्या उन्हाचा हिशोब

प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. काम तेवढंच असेल तर चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक साधारण तेवढाच राहतो. उदाहरण घ्या. जानेवारीत खोली २२ अंशांवर आणि प्रोसेसर ६५ वर असेल, तर फरक ४३ चा. मे महिन्यात खोली ४० वर गेली की तोच प्रोसेसर ८३ वर जातो. त्यात हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ आणि कपाशीचे तंतू अडकून फरक ६० झाला, तर आकडा १०० ला टेकतो. अनेक इंटेल प्रोसेसरांची मर्यादा सुमारे तेवढीच आहे. तिथं पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद पडतं.

म्हणजे नुसत्या तापलेल्या प्रोसेसरमुळे आधी मशीन मंद होतं. स्क्रीन थिजण्यामागे अनेकदा तापलेलं ग्राफिक्स कार्ड किंवा हार्ड डिस्क असते. बहुतेक हार्ड डिस्क ६० अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेल्या असतात.

ओळखण्याची सोपी खूण म्हणजे वेळ. सकाळी सहाला नीट चालणारा कॉम्प्युटर दुपारी दोनला हँग होत असेल, तर आधी उष्णता तपासा. एचडब्ल्यूमॉनिटर किंवा एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये सगळी तापमानं दिसतात.

साफसफाई कशी करायची?

1. कॉम्प्युटर बंद करून वायर काढा. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आतला उरलेला करंट निघून जाईल.
2. कॅबिनेट अंगणात किंवा गॅलरीत नेऊन मऊ ब्रश आणि ब्लोअरनं धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. पंखा वेड्यासारखा फिरला तर खराब होऊ शकतो.
3. कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच रॅम आणि ग्राफिक्स कार्ड काढा. सोनेरी पट्टी खोडरबरानं हलकी पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. नुसत्या या उपायानंही अनेक मशीन सुधारतात.
4. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट जुनी होऊन वाळते. ती बदलून घ्या.
5. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते.

कूलरमुळे खोली गार होते ते चांगलंच, पण त्याचे तुषार कॅबिनेटवर येणार नाहीत अशी जागा निवडा. कॅबिनेट भिंतीला किंवा कपाटाला चिकटवून ठेवू नका.

आता ड्रायव्हर

डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स'मध्ये काय लिहिलंय ते बघा. तिथं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' दिसत असेल, तर तुमच्या चिपचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. व्हिडिओ अडखळतात ते म्हणूनच.

चिपचं नाव दिसत असेल तर आठवा: त्रास विंडोज अपडेटनंतर सुरू झाला का? तसं असेल तर त्याच नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, ड्रायव्हर आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' असं जा. आधीचा ड्रायव्हर परत येईल.

जुन्या मशीनसाठी सगळ्यात नवा ड्रायव्हर चांगला असेलच असं नाही, कित्येकदा तो निघालेलाच नसतो. २०११ च्या सुमाराच्या दुसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांमधल्या एचडी २००० आणि ३००० ग्राफिक्ससाठी इंटेलनं विंडोज १० चा वेगळा ड्रायव्हर काढला नाही. तिथं विंडोज अपडेटमधून येणारा जुनाच ड्रायव्हर चालवावा लागतो. एनव्हिडियानं २०२१ मध्ये केप्लर पिढीच्या डेस्कटॉप कार्डांचे नियमित ड्रायव्हर थांबवले. एएमडीनंही त्याच वर्षी आपली अनेक जुनी कार्डं मुख्य यादीतून काढली. अशा कार्डांसाठी कंपनीच्या वेबसाइटवर असलेला शेवटचा ड्रायव्हरच घ्यावा.

'तुमचे २७ ड्रायव्हर जुने झालेत' असं सांगणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका. ड्रायव्हर फक्त विंडोज अपडेट, चिप बनवणारी कंपनी किंवा मदरबोर्डची कंपनी यांच्याकडूनच घ्या.

एक चाचणी अजून आहे. सेफ मोडमध्ये विंडोज साधा ड्रायव्हर वापरतं. तिथं तासभर मशीन नीट चाललं आणि नेहमीच्या विंडोजमध्ये हँग झालं, तर संशय ड्रायव्हरवर किंवा एखाद्या प्रोग्रामवर जातो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि मदरबोर्डवरही चालू डिस्प्ले पोर्ट असेल, तर कार्ड काढून मॉनिटर तिथं जोडून पाहा. त्रास थांबला तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर दोषी.

फक्त यूट्यूब आणि रील्स बघतानाच हँग होतो?

यूट्यूबवरचे व्हिडिओ आता अनेकदा व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीनं दाबलेले असतात. जुन्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाहीत. इंटेलच्या प्रोसेसरांत व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या मशीनमध्ये सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि तो तापतो. व्हिडिओ ४८० वर ठेवा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' इथलं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा. त्यानं थिजणं थांबलं तर ड्रायव्हरचाच दोष.

हा खरा हँग आहे ना?

कधी ब्राउझर पूर्ण स्क्रीन व्यापतो, भोंगा वाजतो आणि 'व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा' असं दिसतं. हा हँग नसून फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्ट असा नंबर स्क्रीनवर दाखवत नाही. एस्केप थोडा वेळ दाबून धरा किंवा कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन करून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

इतकं करूनही थांबलं नाही तर?

क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत बघा आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिकनं रॅम तपासा. मदरबोर्डवरचे छोटे गोल कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर मात्र दुरुस्तीवाल्याचं निदान खरं असण्याची शक्यता मोठी.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. मशीन त्याहून जुनं असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हा पर्याय आहे. जुन्या इंटेल ग्राफिक्सचे ड्रायव्हर तिच्यात आधीपासूनच असतात आणि मराठी टायपिंगही होतं. मात्र शासकीय कामाचा किंवा डीटीपीचा एखादा प्रोग्राम फक्त विंडोजवरच चालत असेल, तर आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघा.

दुरुस्तीला जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: हँग कोणत्या वेळी होतो, कॅप्स लॉकचा दिवा बदलतो का आणि तापमान किती दिसलं. एवढं सांगितलं की समोरचा माणूस थेट 'मदरबोर्ड गेला'वर येत नाही, तपासायला लागतो.