दोष त्या वाटेचा, आईचा नव्हे

शेजारच्या काकूंच्या सुनेला पहिला मुलगा झाला. बारसं थाटात झालं, घुगऱ्या वाटल्या. पण बाळ अंगावर प्यायला घेतलं की दोन मिनिटांत दमायचं. कपाळावर घामाचे थेंब, छाती भरभर वरखाली. वजनही वाढेना. ‘दूध पुरत नसेल’, ‘दृष्ट लागली असेल’ करत दीड महिना गेला. शेवटी डॉक्टरांनी ऑक्सिमीटर लावून बघितलं, टूडी एको केला आणि एक आखूड नाव सांगितलं, टीएपीव्हीसी. ऑपरेशन करावं लागणार होतं. दवाखान्याच्या जिन्यात ती पोर मला म्हणाली, “ताई, सातव्या महिन्यात ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्यानंच झालं असेल का हो?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याकडे किती जणी मनातल्या मनात विचारत असतील! म्हणून आधी हे नेमकं काय असतं ते समजून घेऊ.

आपल्या फुप्फुसांतून शुद्ध झालेलं रक्त साधारण चार शिरांमधून हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येतं आणि तिथून अंगभर जातं. गर्भात मात्र फुप्फुसं आणि हृदय सुरुवातीला एकमेकांना जोडलेली नसतात. पुढे ज्या नळीतून अन्ननलिका बनते, तिच्यातूनच फुप्फुसांचा कोंभ फुटतो. त्याचं रक्त आधी आजूबाजूच्या शिरांच्या जाळ्यातून वाट काढतं. मग चौथ्या आठवड्याच्या सुमारास डाव्या कप्प्याकडून एक छोटी शीर या जाळ्याला येऊन मिळते. नवी वाट सुरू झाली की जुन्या वाटा बुजतात. हळूहळू ती शीर कप्प्याच्या भिंतीतच सामावते आणि चार शिरांची चार तोंडं वेगळी होतात.

हा सांधा जुळला नाही, तर जुन्या वाटा तशाच राहतात. चारही शिरांचं शुद्ध रक्त भलतीकडे, म्हणजे उजव्या बाजूला जातं. कधी वर मानेकडच्या मोठ्या शिरेतून, कधी हृदयाच्या मागच्या शिरेतून, तर कधी खाली यकृताकडून. खालच्या वाटेत अडथळा असण्याची शक्यता जास्त. असं बाळ जन्मल्यावर काही तासांत किंवा दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतं. बाकीची बाळं तगतात ती वरच्या दोन कप्प्यांमधल्या भोकामुळे. त्यातून मिसळलेलं रक्त कसंबसं अंगाला मिळतं. एखादीच शीर चुकलेली असेल, तर कित्येकांना मोठेपणापर्यंत पत्ताही लागत नाही.

आता हिशेब करा. हा सांधा जुळतो तेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींनी तोवर तपासणीही केलेली नसते. मग सातव्या महिन्यातली विळी, पपई किंवा जिना यांचा काय संबंध? आणि ग्रहणानं तर कुठल्याच महिन्यात बाळाच्या हृदयाला काही होत नाही.

“पण सोनोग्राफी नॉर्मल होती!” असं घरचे म्हणतात. पोटात असताना बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, फुप्फुसांतून फार थोडं रक्त जातं. त्यामुळे या शिरा बारीक असतात आणि दोष नजरेतून सुटू शकतो. जन्मल्यावरही छातीत वेगळा आवाज येईलच असं नाही. म्हणून आपले डोळे उघडे हवेत.

दूध पिताना धाप किंवा घाम, पिता पिता मध्येच थांबणं, वजन न वाढणं, वारंवार न्यूमोनिया, ओठ आणि जीभ निळसर दिसणं, यातलं काहीही दिसलं तर दृष्ट काढत बसू नका. सावळ्या बाळाचा निळेपणा चटकन कळत नाही, म्हणून जीभ आणि हिरड्या उजेडात बघा. ऑक्सिमीटरचा आकडा ९५च्या खाली राहत असेल तर लगेच डॉक्टर गाठा. खर्चाच्या धास्तीनं थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात जन्मजात हृदयदोष आहेत. आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा.

ऑपरेशनमध्ये त्या शिरा डाव्या कप्प्याला जोडतात आणि मधलं भोक बंद करतात. वेळेत झालं तर बहुतेक मुलं इतरांसारखी वाढतात. काहींच्या शिरा पुन्हा अरुंद होतात, म्हणून पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. पुढच्या खेपेला मात्र डॉक्टरांना आधीच सांगून पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या हृदयाची खास तपासणी करून घ्यायची.

काकूंचा नातू आता अंगणात सायकल पिदडतो. छातीवरचा व्रण तेवढा दिसतो. त्या दिवशी जिन्यात मी त्याच्या आईला एवढंच म्हटलं होतं, “अगं, तुला दिवस गेलेत हे तुला नीट कळायच्या आतच ती वाट चुकली होती. तुझं काही चुकलं नाही.” ती ढसाढसा रडली. घरात असं बाळ असेल, तर त्याच्या आईला हे वाक्य कुणीतरी म्हणायलाच हवं. सासूबाईंनी म्हटलं, तर फारच उत्तम!