आजी-आजोबांचा थकवा वयाचा की रक्तक्षयाचा? वेळीच कसे ओळखाल?

‘आता वय झालं, दम लागणारच!’ जिना चढताना आजोबांना धाप लागली की घरोघरी हेच ऐकू येते. मात्र या थकव्यामागे रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमियाही असू शकतो. वय वाढले म्हणून हिमोग्लोबिन कमी असणे साहजिक आहे, असे समजून सोडून देणे महागात पडू शकते.

किती हिमोग्लोबिन म्हणजे कमी?
जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांमध्ये प्रति डेसिलिटर १३ ग्रॅमपेक्षा, तर गर्भवती नसलेल्या महिलांमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. ज्येष्ठांसाठीही हेच आकडे वापरले जातात.

लक्षात का येत नाही?
हिमोग्लोबिन हळूहळू घटते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. शिवाय ज्येष्ठांची हालचाल कमी झालेली असते, त्यामुळे दम लागण्याची वेळच कमी येते. ‘ॲनिमियामुक्त भारत’ या २०१८च्या मोहिमेचा भर बालके, किशोरवयीन आणि प्रजननक्षम वयातील महिलांवर आहे. त्यामुळे आजी-आजोबांकडे घरच्यांनीच लक्ष द्यायला हवे.

ही लक्षणे दिसली तर...
- नेहमीच्या कामातही धाप, छातीत धडधड
- चक्कर, तोल जाणे
- पापणीच्या आतला भाग, नखे फिकट दिसणे
- हातापायांना मुंग्या (बी-१२ची कमतरता असल्यास)
- काळी शौच (पोटात रक्तस्रावाची शक्यता, त्वरित डॉक्टरांकडे जा)

कोणती तपासणी करावी?
सुरुवात सीबीसी या साध्या रक्त तपासणीने होते. अहवालात हिमोग्लोबिनसोबत ‘एमसीव्ही’ही पाहतात. हा रक्तपेशींचा सरासरी आकार. तो लहान असल्यास लोहाची, मोठा असल्यास बी-१२ किंवा फोलेटची कमतरता असू शकते. गरजेनुसार डॉक्टर फेरिटिन, बी-१२ आणि क्रिएटिनिन तपासायला सांगतात. मूत्रपिंड कमजोर झाले तरी रक्तनिर्मिती मंदावते.

थेट लोहाच्या गोळ्या का नकोत?
ज्येष्ठांमध्ये लोह कमी होण्यामागे जठरातील व्रण किंवा आतड्याचा कर्करोग यातून होणारा छुपा रक्तस्राव असू शकतो. गोळ्यांनी आकडा वाढतो, पण मूळ आजार झाकलेला राहतो. ॲस्पिरिन आणि वेदनाशामक गोळ्यांनीही असा रक्तस्राव होऊ शकतो, तर मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ घटू शकते. म्हणून सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. मनाने कोणतेही औषध बंद मात्र करू नका.

जुना अहवाल जपून ठेवा
गेल्या वर्षी १४ असलेले हिमोग्लोबिन यंदा १२.५ झाले, तर ‘थोडेच कमी आहे’ म्हणून सोडू नका. ते का घटले, हे डॉक्टरांना विचारा.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. उपचारांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)